गोचीड : घरची कीं परकी ?

रत्नागिरीकडच्या कोणत्याहि वाडींत तिन्हीसांजेला गुरें गोठ्यांत आलीं, कीं घरांतील वडीलधारें माणूस गाईच्या कानामागें, गळ्याच्या पोळीखालीं आणि कासेजवळ हात फिरवून गोचिडी वेंचूं लागतें. वेंचलेली गोचीड निखाऱ्यावर टाकली, म्हणजे तिचा विषय संपला. ती कोणत्या जातीची, मूळची कोठली, येथें केव्हां आली, असे प्रश्न गोठ्यांत कोणी विचारीत नाहीं. विचारण्याचें कारणहि पूर्वीं पडलें नव्हतें. परंतु जुन्या रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, आजच्या सिंधुदुर्गांतील दोडामार्ग तालुक्यांत, २०१६ सालीं माकडतापाची सांथ आली. आणि तेव्हांपासून या क्षुद्र प्राण्याच्या नांवागांवाची चौकशी हा कोंकणांतील माणसांच्या जिवाचा प्रश्न होऊन बसला आहे.

गोचीड म्हणजे कीटक नव्हे. ती कोळी व विंचू यांच्या वर्गांतील. कीटकाला सहा पाय, तर वाढलेल्या गोचिडीला आठ. अंड्यांतून नुकतेंच बाहेर पडलेलें पिल्लू मात्र सहा पायांचें असतें. एकदां पोटभर रक्त पिऊन त्यानें कात टाकली, कीं त्याची आठ पायांची अल्पवयी गोचीड होते. आणखी एक जेवण व आणखी एक कात झाली, म्हणजे ती प्रौढ होते. कांहीं जातींच्या गोचिडी हीं तिन्ही वयें एकाच जनावराच्या अंगावर काढतात. दुसऱ्या कांहीं प्रत्येक जेवणानंतर जमिनीवर गळून पडतात, पातेऱ्यांत कात टाकतात, आणि पुढचें जेवण निराळ्याच प्राण्यावर घेतात. पहिलें रक्त उंदराचें, दुसरें माकडाचें किंवा माणसाचें, तिसरें गाईचें, असा त्यांचा संसार. एकाचा रोग दुसऱ्याला नेऊन देण्यास ही दुसरी तऱ्हा किती सोयीची, हें सांगावयास नको. म्हणूनच गोचिडीची जात ओळखणें हें केवळ पंडितांच्या हौसेचें काम राहत नाहीं.

गोचिडीला पंख नाहींत, आणि स्वतःच्या पायांनीं ती फारशी दूर जात नाहीं. तरीहि तिनें महासागर ओलांडले आहेत, ते दुसऱ्याच्या पाठीवर बसून. आपल्या गुरांवर नेहमीं आढळणारी, शास्त्रांत ‘ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस’ या नांवानें ओळखली जाणारी गोचीड मूळची दक्षिण व आग्नेय आशियाची. गुरांच्या व्यापाराबरोबर ती आफ्रिकेंत आणि दक्षिण अमेरिकेंत पोंचली. तिला शास्त्रीय नांव मिळालें तें १८८८ सालीं, पराग्वे देशांतील नमुन्यांवरून. माहेर इकडचें, आणि बारसें तिकडे ! १८७२ सालीं जावा बेटांतून ऑस्ट्रेलियाच्या डार्विन बंदरीं गुरें उतरलीं, त्यांच्याबरोबर तिचीच एक जवळची बहीण उतरली, आणि तिनें आणलेल्या तापानें पुढें तेथील गोधनाची मोठी हानि केली. गोचीड रोग वाहून नेते, ही गोष्टच मुळीं गुरांवरून सिद्ध झाली. १८९३ सालीं स्मिथ व किलबोर्न या अमेरिकन संशोधकांनीं टेक्सासचा गुरांचा ताप गोचिडींमुळें पसरतो असें दाखवून दिलें. डासाच्या पोटांत हिवतापाचे जंतु रोनाल्ड रॉस यांना दिसले, ते त्यानंतर चार वर्षांनीं.

आतां, परकी गोचीड वेळीं ओळखली न गेल्यास काय होतें, याचें उदाहरणहि अमेरिकेंतलेंच आहे. २०१७ सालीं न्यू जर्सी येथें एका मेंढीच्या अंगावर असंख्य गोचिडी आढळल्या. तपासाअंतीं ती पूर्व आशियांतील ‘हीमाफिसॅलिस लाँगिकॉर्निस’ ही जात ठरली. या जातीची मादी नराच्या संगतीवांचूनहि अंडीं घालूं शकते. म्हणजे चोरपावलांनीं आलेली एकच मादी नवा वंश वसविण्यास पुरे. मग तेथील शास्त्रज्ञांनीं जुन्या संग्रहांतील बाटल्या उघडून पाहिल्या. वेस्ट व्हर्जिनियांतील एका हरणावरून २०१० सालींच काढलेली तीच गोचीड त्यांत निघाली. पाहुणी सात वर्षांपूर्वींच घरांत शिरली होती. ती सांपडली होती, पण ओळखली गेली नव्हती. कारण त्याच गणांतील देशी गोचिडी तेथें पूर्वींपासून आहेत, आणि वरवर पाहणाऱ्यास त्या सगळ्या सारख्याच दिसतात.

कोंकणांतल्या कहाणीचा आरंभ मात्र निराळा आहे. १९५७ सालीं कर्नाटकांतील शिमोगा जिल्ह्यांत, क्यासनूर नांवाच्या रानांत, माकडें पटापट मरूं लागलीं, आणि रानांत जाणारीं माणसें तापानें अंथरुणाला खिळलीं. आफ्रिकेंतील पीतज्वर हिंदुस्थानांत शिरला कीं काय, अशी पहिली धास्ती पडली. पुण्यांत १९५२ सालीं स्थापन झालेल्या विषाणु-संशोधन केंद्रानें, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनें, शोध घेतला, तों विषाणु निराळाच निघाला. त्याचें जवळचें नातें रशियाच्या रानांतील गोचीड-तापाशीं होतें. तेव्हां उत्तरेकडून हिवाळ्यांत येणाऱ्या पक्ष्यांनीं तर हें संकट आणलें नाहीं ना, अशी शंका निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें डॉ. सालिम अली आणि मुंबईची निसर्गेतिहास संस्था यांनीं हजारों पक्षी धरून, त्यांच्या पायांत कडीं घालून सोडले, व त्यांच्या अंगावरील गोचिडीहि तपासावयास दिल्या. पक्ष्यांवरचा आरोप सिद्ध झाला नाहीं. मुख्य वाहक ठरली ती त्याच रानांत राहणारी ‘हीमाफिसॅलिस स्पिनिजेरा’, म्हणजे काटेवाली गोचीड.

या काटेवालीचें अल्पवयी रूप मोहरीच्या दाण्याहून लहान असतें, आणि माणसाला बहुधा तेंच चावतें. हिवाळा लागल्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत त्याचा हंगाम. रोगट माकड मेलें, कीं त्याच्या अंगावरील गोचिडी खालीं उतरतात, आणि तेवढी जागा पुढें बरेच दिवस धोक्याची होते. प्रौढ गोचिडी गुरांवर पोसतात. गुरांना हा ताप येत नाहीं, पण गोचिडींची संख्या त्यांच्यामुळें वाढते. माणसाकडून माणसाला हा रोग जात नाहीं. एकाएकीं चढणारा ताप, डोकें व अंग फुटून जाईल अशी वेदना, कांहींना रक्तस्राव. आणि शंभर रोग्यांत तीन ते पांच दगावतात. बरींच वर्षें हें दुखणें शिमोग्याच्याच आसपास होतें. २०१२ नंतर तें बंदिपूर, नीलगिरि आणि वायनाड येथें दिसलें. २०१५ सालीं गोव्याच्या सत्तरी तालुक्यांत, आणि २०१६ सालीं दोडामार्गांत. तेथें तें काजू वेंचणाऱ्यांना भोंवलें. कारण बोंडूंचा हंगाम आणि अल्पवयी गोचिडींचा हंगाम एकच.

येथेंच ओळखीचें महत्त्व दिसून येतें. अमेरिकेंत परकी होती ती गोचीड. कोंकणांत गोचीड घरचीच. सह्याद्रीच्या उतारावरील रानांत तिची वस्ती जुनी. नवा दिसला तो तिच्या पोटांतील विषाणु. गोचीड परकी असेल, तर पहारा गुरांच्या बाजारावर आणि बंदरावर हवा. विषाणु नवा असेल, तर तो मेलेल्या माकडांवर आणि रानांत जाणाऱ्यांच्या तापावर हवा. निदान चुकलें, तर पहारेकरी भलत्याच दारावर उभा राहतो. ‘माकडताप’ या नांवानेंहि असाच घोटाळा होतो. माकड हें या रोगाचें पहिलें भक्ष्य आहे. त्याला दगड मारून रोग हटत नाहीं. रत्नागिरीचीं रानें व काजूबागा याच डोंगरउतारावर आहेत, म्हणून ही चौकशी तेथेंहि अगत्याची.

तज्ज्ञ गोचीड ओळखतात ती सूक्ष्मदर्शकाखालीं, आणि प्रथम पाहतात तें तिचें तोंड व पाठ. पाठीवर एक कठीण ढाल असते. नरांत ती सगळी पाठ झांकते. मादींत पुढचाच भाग, म्हणून रक्त पिऊन मादी वाटाण्यासारखी फुगूं शकते. काटेवालीच्या गणाला डोळे नसतात, आणि तोंडालगतच्या आंखूड स्पर्शिका दोन्ही बाजूंस बाहेर फुगलेल्या असतात. गोठ्यांतील नेहमींच्या गोचिडीच्या मुखाचा पाया षट्कोनी असतो. ‘हायलोमा’ या गणाच्या स्पर्शिका लांब, त्याला डोळे असतात, आणि पायांवर फिकट पट्टे असतात. या तिसरीकडे दुर्लक्ष करून चालणार नाहीं. ती कोरड्या मुलुखांतील. भिंतींच्या भेगांत दडते, आणि बाहेरून विकत आणलेल्या जनावराबरोबर येऊं शकते. तिनें वाहून नेलेल्या क्रिमियन-कांगो तापाचे भारतांतील पहिले रोगी २०११ सालीं गुजरातेंत आढळले, आणि रुग्णाची शुश्रूषा करणारेहि त्यांत बळी पडले. जेथें डोळ्यांनीं निर्णय होत नाहीं, तेथें आतां गोचिडीच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्य तपासून जात ठरवितां येते.

गृहस्थानें यांतलें काय करावें ? अंगाला चिकटलेली गोचीड निखाऱ्यानें भाजूं नये, तेलांत बुडवूं नये, बोटांनीं चिरडूंहि नये. बारीक चिमट्यानें कातडीच्या अगदीं लगत धरून सरळ, सावकाश ओढावी, आणि जागा साबणानें धुवावी. गोचीड अनोळखी वाटल्यास ती स्पिरिटांत बुडवून लहानशा बाटलींत ठेवावी, व बाटलीवर तीन गोष्टी लिहाव्या : गांव, दिवस, आणि ती कोणाच्या अंगावर सांपडली. गुरांच्या दवाखान्यांत ती दाखवावी. पुढें आठवड्याभरांत ताप आला, तर डॉक्टरांस गोचीड चावल्याचें न विसरतां सांगावें. रानांत मेलेलें माकड दिसलें, तर हात न लावतां आरोग्यखात्यास किंवा वनखात्यास कळवावें. काजूला जाणाऱ्यांनीं अंगभर कपडे घालावे, पातेऱ्यांत बसूं नये, आणि घरीं येतांच गरम पाण्यानें स्नान करावें.

वेस्ट व्हर्जिनियांतील त्या हरणावरची गोचीड सात वर्षांनंतर ओळखतां आली, याचें कारण एवढेंच कीं कोणी तरी ती जपून ठेवली होती, आणि कोठें व केव्हां सांपडली याची नोंद केली होती. निखाऱ्यावर पडलेली गोचीड कोणाच्याच उपयोगीं पडत नाहीं. बाटलींत ठेवलेली मात्र पुढच्या हंगामांत बोंडू वेंचावयास जाणाऱ्या एखाद्या बाईचा जीव वांचवूं शकेल.