आवाज मोठा की शब्द स्पष्ट?

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मप्रांतातील एका खेडेगावी सणाच्या मिस्सेनंतर एक वृद्ध आजी आम्हांस भेटल्या. त्या दिवशी भाड्याने आणलेले स्पीकर मंडपाच्या दोन्ही बाजूंस भिंतीसारखे उभे होते. "फादर, आवाज लई मोठा होता, पण तुम्ही काय सांगितलं ते काही समजलं नाही," असे त्या सहजपणे म्हणाल्या. ध्वनिव्यवस्थेसाठी त्या गरीब धर्मग्रामाने मोठा खर्च केला होता. तो वाया का गेला, याचा शोध घेताना जे शिकावयास मिळाले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. श्रद्धेचा उगम श्रवणात आहे, हे संत पौलाने रोमकरांस समजावून सांगितले. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ साली उपासनाविषयक संविधानाद्वारे लोकभाषेला दार उघडले, ते भाविकांनी समजून सहभागी व्हावे म्हणूनच. रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण मार्गदर्शिकेतील ३११ वा परिच्छेद तर स्पष्टच सांगतो की, आधुनिक तांत्रिक साधनांच्या मदतीने धर्मगुरू व वाचक यांचे शब्द भाविकांना विनासायास ऐकू येतील अशी काळजी घ्यावी.

वेरूळचा धडा

आपल्या शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या वेरूळच्या दहाव्या लेण्यात, म्हणजे विश्वकर्मा लेण्यात, एखादा स्वर लावला तर तो दगडी कमानींतून बराच वेळ घुमत राहतो. मंत्रघोषाला हा नाद शोभून दिसतो. परंतु भाषणाला तोच मारक ठरतो, कारण पहिल्या शब्दाची घुमट विरण्यापूर्वीच दुसरा शब्द येऊन त्यावर आदळतो. उंच छत, उघड्या भिंती आणि फरशी असलेल्या आपल्या अनेक चर्चमध्ये हेच घडते. अशा वेळी आवाज वाढविला तर घुमणेही तितकेच वाढते.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली वॉलेस सॅबिन यांच्याकडे असेच एक घुमणारे व्याख्यानगृह सोपविण्यात आले. त्यांनी शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणून ठेवल्या आणि प्रत्येक वेळी घुमणे किती कमी होते ते मोजले. पडदे, गाद्या आणि माणसांची अंगे आवाज शोषून घेतात. म्हणूनच रिकाम्या चर्चमध्ये जुळविलेली ध्वनिव्यवस्था भरलेल्या चर्चमध्ये निराळी भासते.

मोकळ्या मैदानाची अडचण

मैदानात भिंती नसतात, पण अंतर असते. सप्टेंबरमध्ये श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे मतमाऊलीच्या यात्रेस जमणारा जनसमुदाय डोळ्यांपुढे आणावा. साध्या स्पीकरचा आवाज अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबलने घटतो. मागच्यांना ऐकू यावे म्हणून तो वाढविला की पुढे बसलेल्यांचे कान फाटतात. मध्येच आणखी स्पीकर उभे केले तर नवीच अडचण येते. तारेतून विद्युतसंकेत तत्क्षणी पोहोचतो, परंतु हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटरच जातो. शंभर मीटरवर बसलेल्यास तोच शब्द सुमारे पाव सेकंदाहून अधिक अंतराने दोनदा ऐकू येतो. उपाय असा की, मागच्या स्पीकरला जाणारा संकेत तेवढाच वेळ रोखून धरावयाचा.

साधने बदलली, कामही बदलले

एके काळी गावोगावी अहुजा कंपनीचे कर्णे हेच ध्वनिक्षेपकाचे दुसरे नाव होते. त्यानंतर उभे स्तंभासारखे स्पीकर आले. ते आवाज वर-खाली न उधळता श्रोत्यांकडे पाठवितात. हेच तत्त्व पुढे नेऊन फ्रान्समधील ख्रिस्तियान हाईल यांच्या एल-अकूस्टिक्स कंपनीने १९९२ साली व्ही-डॉस्क ही प्रणाली आणली. लाइन अ‍ॅरे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत एकाखाली एक टांगलेले स्पीकर एकजुटीने काम करतात आणि विशिष्ट अंतरापर्यंत आवाज दुप्पट अंतराला ६ ऐवजी सुमारे ३ डेसिबलनेच कमी होतो. २०१२ साली आलेल्या बेहरिंगरच्या एक्स-३२ सारख्या यंत्रांमुळे डिजिटल मिक्सर लहान संस्थांच्याही आवाक्यात आले. रविवारची मिस्सा, लग्नविधी व नाताळची गीते यांची जुळणी त्यात साठवून ठेवता येते.

मुंबईत रॉजर ड्रेगो यांची इलेक्ट्रोक्राफ्ट, वॉरन डिसोझा यांची साऊंड डॉट कॉम अशा संस्थांनी या व्यवसायाला शास्त्राची बैठक दिली. आज चांगला ध्वनिसंयोजक जागा मोजतो, संगणकावर आराखडा करतो आणि मगच स्पीकर टांगतो. खरे मोल त्याच्या जाणकार कानांचे आहे, खोक्यांच्या संख्येचे नव्हे.

शेजाऱ्याचा कान

चेन्नईतील एका चर्चच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३० ऑगस्ट २००० रोजी निर्वाळा दिला की, इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही. ते चर्च ख्रिस्ती होते, हे आपण विसरू नये. मुंबई उच्च न्यायालयानेही जानेवारी २०२५ मध्ये ध्वनिक्षेपक हा धर्माचा अत्यावश्यक भाग नसल्याचे म्हटले. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून, रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकास बंदी आहे. वर्षातील मोजक्या दिवशी राज्य शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते.

येथे विज्ञान, कायदा आणि शेजारप्रीतीची आज्ञा एकाच ठिकाणी येऊन मिळतात. आवाज श्रोत्यांच्याच दिशेने वळविला तर शब्द स्पष्ट होतो आणि शेजाऱ्याचे घरही शांत राहते.

धर्मग्राम समित्यांना आमची विनंती साधी आहे. नवे स्पीकर घेण्यापूर्वी असलेले योग्य जागी लावून पाहावेत. स्पीकर माईकच्या पुढे असावेत, म्हणजे शिट्टी वाजणार नाही. वाचकांना माईकजवळ उभे राहून सावकाश वाचण्याचा सराव द्यावा. एखाद्या तरुणाला मिक्सर चालविण्याचे रीतसर शिक्षण द्यावे. आणि मिस्सा सुरू झाल्यावर कोणीतरी शेवटच्या बाकावरील आजीजवळ जाऊन बसावे. तिला वाचन समजले, तर व्यवस्था उत्तम आहे असे समजावे.