शाळा व्यवस्थापन समितीचा अधिकार किती?

धुळे जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेची समिती मास्तरांची बदली करू शकते, असा समज सर्रास आढळतो. तसे नाही, बदल्या वरच्या पातळीवर होतात.

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. शाळा विकास आराखडा (पुढील वर्षांच्या गरजांचा लेखी अंदाज) तयार करणे आणि अनुदानाच्या खर्चावर देखरेख ठेवणे ही तिची कामे. घर बांधताना मालक थापी हातात घेत नाही, पण सिमेंटच्या गोण्या मोजतो, तसेच हे. साक्रीच्या पाड्यावरची सदस्य आई खिचडीचा तांदूळ तपासते, खर्चाची पावती मागते, तेव्हा ती लुडबुड करत नसते. तो तिचा हक्कच आहे, आणि सभेत तो बजावलाच पाहिजे.