बाण दोन्ही दिशांना

नागपूरच्या कळमना बाजारात अंबिया बहाराचा संत्रा काटोल, नरखेडकडून येतो. त्या झाडांना युरिया पडलेला असतो. परिसरातल्या शीतगृहांत लाल मिरची ठेवतात, आणि अशा शीतगृहांत गारवा धरायला बहुधा अमोनियाच वापरतात. युरियाही अमोनियापासूनच बनतो. हा अमोनिया ज्या अभिक्रियेतून मिळतो, ती कधीच पूर्णत्वाला जात नाही. रसायनशास्त्राला हे उमजून वापरता येईपर्यंत शतक उलटले.

या समजेची सुरुवात इजिप्तमध्ये झाली. १७९८च्या मोहिमेत नेपोलियनबरोबर गेलेल्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थोलेला खाऱ्या तळ्यांच्या काठी धुण्याच्या सोड्याचे थर दिसले. प्रयोगशाळेत सोडा आणि कॅल्शियम क्लोराईड एकत्र आले की मीठ आणि चुनखडी बनते. तळ्यांकाठी मीठ आणि चुनखडी मुबलक असल्याने अभिक्रिया उलट चालली होती. पदार्थाचे प्रमाणही अभिक्रियेची दिशा ठरवते, हे त्याने ओळखले.

१८६४मध्ये नॉर्वेच्या गुल्डबर्ग आणि वागे या मेहुण्यांनी या कल्पनेला गणिताचे रूप दिले. लेख नॉर्वेजियनमध्ये असल्याने बराच काळ फारसा कुणी वाचला नाही. १८८४मध्ये डच रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफने अशा दोन्ही दिशांनी चालणाऱ्या अभिक्रियेसाठी दुहेरी बाण वापरला. दोन्ही दिशांचे वेग सारखे झाले की समतोल येतो, पण समतोलात अभिक्रिया थांबत नाही. जितका पदार्थ बनतो तितकाच मोडतो. त्याच वर्षी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल शातेलिएने सांगितले, की दाब किंवा तापमान बदलले तर समतोल त्या बदलाला विरोध करणाऱ्या बाजूला सरकतो.

पण कारखान्यात अमोनिया बनवताना खरी अडचण आली. नायट्रोजन आणि हायड्रोजनचा अमोनिया होताना उष्णता बाहेर पडते. म्हणून तापवले तर अमोनिया पुन्हा फुटतो, थंड ठेवले तर अभिक्रिया हलतच नाही. १९०१मध्ये ल शातेलिएने प्रयत्न केला, उपकरणाचा स्फोट झाला आणि त्याने नाद सोडला. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाबरने १९०९मध्ये ते जमवले: प्रचंड दाब, अभिक्रियेचा वेग वाढवणारा उत्प्रेरक, आणि बनलेला अमोनिया लगेच गारवून बाजूला काढून उरलेला वायू पुन्हा आत सोडणे. यातली शेवटची युक्ती मला सर्वांत मोलाची वाटते. समतोल गाठूच द्यायचा नाही! या पद्धतीवर बॉशने १९१३मध्ये जर्मनीत ओपाऊला कारखाना उभारला.

ही पद्धत पुढे महाराष्ट्रातही आली; ट्रॉम्बेचा खत कारखाना १९६५मध्ये सुरू झाला. शाळेत मात्र दुहेरी बाण नुसता पाठ करून घेतला जातो. शिक्षकांनी तो शिकवताना युरियाची गोणी जरूर दाखवावी. ४५ किलोच्या त्या गोणीत सुमारे २०.७ किलो नायट्रोजन असतो, आणि तो याच अभिक्रियेने हवेतून आलेला असतो.