विखुरलेल्या धर्मबंधूंसाठी

इ. स. १५५५ च्या आउग्सबुर्गच्या तहाने जर्मनीत एक विलक्षण व्यवस्था रूढ केली. राजाचा जो पंथ, तोच प्रजेचा! त्यामुळे तो देश कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट मुलुखांत वाटला गेला. एकोणिसाव्या शतकात कारखाने निघाले, पोटापाण्यासाठी माणसे गाव सोडू लागली, आणि अनेक कॅथलिक कामकरी अशा ठिकाणी जाऊन पडले की, जेथे त्यांच्या पंथाचे ना प्रार्थनामंदिर होते ना धर्मगुरू. त्यांच्यासाठी १८४९ साली रेगन्सबुर्ग येथे संत बोनिफास यांच्या नावाने एक संस्था स्थापन झाली. कॅथलिक मुलुखांतून वर्गणी गोळा करावयाची आणि ती विखुरलेल्या धर्मबंधूंच्या चर्चसाठी, शाळेसाठी व धर्मगुरूच्या योगक्षेमासाठी पाठवावयाची, हा तिचा क्रम. पाडरबोर्न येथून ती आजही चालते. मौज अशी की, कॅथलिक मुलुखांतील प्रॉटेस्टंटांसाठी हेच काम करणारी, स्वीडनच्या गुस्ताव आडोल्फ राजाच्या नावाची संस्था तिच्या सतरा वर्षे आधीच निघाली होती.

हा प्रश्न आपणांस परका वाटेल. पण त्याच्याशी मिळतेजुळते मराठी उदाहरण नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात सापडते. एकूण लोकसंख्येत तेथे ख्रिस्ती थोडे, आणि त्या थोड्यांतही प्रथम पाय रोवले ते प्रॉटेस्टंटांनी. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरास आले. रेव्हरंड नारायण वामन टिळक याच परंपरेतले. त्यांचे राहुरीचे वास्तव्य लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'मुळे घरोघर ठाऊक झाले आहे. कॅथलिक येशूसंघाचे जर्मन धर्मगुरू राहुरी तालुक्यातील केंदळकडे वळले ते १८७८ च्या सुमारास. त्यांच्या कार्याची भिस्त बव्हंशी युरोपातून येणाऱ्या देणग्यांवर असे. पहिल्या महायुद्धात जर्मन धर्मगुरूंना देश सोडावा लागला, व पुढे तटस्थ स्वित्झर्लंडमधील धर्मगुरूंनी ते कार्य हाती घेतले.

या मदतीला प्रारंभापासून एक शंका चिकटलेली आहे. १८७६ ते १८७८ हा दख्खनच्या भीषण दुष्काळाचा काळ. उपाशी माणसाने ज्याच्या हातची भाकरी खाल्ली त्याचाच धर्म घेतला, तर ती श्रद्धा म्हणावयाची की भूक? हा आक्षेप उडवून लावणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. पण तेवढेच बोलून थांबणेही अन्यायाचे होईल. ज्यांना गावच्या विहिरीवर घागर भरू दिली जात नव्हती, त्यांच्या मुलांच्या हाती पाटी आली ती पुष्कळदा मिशनच्या शाळेतच.

शंकेचे एक उत्तर पुढे कृतीतून मिळाले. फादर हर्मन बाखर १९४८ साली स्वित्झर्लंडहून भारतात आले. १९६६ साली नगर येथे 'सोशल सेंटर' सुरू झाले, आणि पुढे बाखर यांचे नाव पाणलोट विकासाशी कायमचे जोडले गेले. विहीर एका मालकाची असू शकते; परंतु डोंगरमाथ्यावर समतल चर खोदून जिरवलेले पाणी खालच्या कोणाच्या विहिरीत उतरेल, हे देणगीदारास ठरविता येत नाही. साहजिकच मदत एका पंथापुरती राहिली नाही. पुढे इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात जर्मन सरकारचा निधी नाबार्डमार्फत आला. १९९३ साली बाखर आणि फादर क्रिस्पिनो लोबो यांनी 'वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट' ही संस्था उभारली.

या कार्यक्रमात पैसा सुखासुखी मिळत नसे. गावाने श्रमदान करावयाचे, कुऱ्हाडबंदी पाळावयाची आणि मोकाट चराई थांबवावयाची, अशा अटी होत्या. त्यांतील चराईबंदी सर्वांत जाचक. ज्याला जमीन आहे त्याच्या विहिरीला पाणी येणार. ज्याची सारी मालमत्ता चार शेळ्या, त्याने त्या न्यावयाच्या कोठे? संगमनेर तालुक्यातील दरेवाडीत म्हणूनच सारा डोंगर एकदम बंद केला नाही. तो टप्प्याटप्प्याने बंद करीत गेले, आणि तोवर उरलेला भाग शेळ्यामेंढ्यांना मोकळा राहिला.