फडावरची बाळंतीण

दसरा-दिवाळी उरकली की बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. खाडा पडला की पैसे कापले जातात. त्यामुळे कित्येक जणी दिवस भरत आले तरी मोळ्या वाहतात आणि सव्वा महिना होण्याआधीच पुन्हा फडात उतरतात.

बीडच्या या बायका २०१९ मध्ये राज्यभर चर्चेत आल्या, त्या गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियांमुळे. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. बाळंतपणानंतरच्या मनाची अशी मोजदादही व्हायला हवी.

वार पडल्यावर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं काही दिवसांत झपाट्याने घसरतात. पहिल्या आठवड्यात उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे बहुतेकींना होतं आणि पंधरा दिवसांत ओसरतं. ते ओसरलं नाही, बाळ झोपलं तरी आईला झोप लागेना, जगणंच नकोसं झालं, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो.

संप्रेरकं तर सगळ्याच बाळंतिणींची घसरतात. मग आजारी काहीच जणी का पडतात? मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गोव्यातल्या अभ्यासात २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळलं. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेलं नातं आणि मुलगाच हवा हा हट्ट ही त्यामागची ठळक कारणं होती. परिस्थिती आईला आजारी पाडते, हे यातून दिसतं.

फडाजवळ कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहणाऱ्या बाईचं तर माहेरही लांब राहतं. गावातली आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवस ठरलेल्या घरभेटी देते, पण बाळंतीण असते दुसऱ्याच जिल्ह्यात!

उपाय अवघड नाहीत. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्यासाठी एडिनबरा प्रश्नावली १९८७ पासून वापरात आहे. तिच्यात गेल्या सात दिवसांबद्दलचे दहाच प्रश्न असतात आणि ते विचारायला डॉक्टर लागत नाही. पाकिस्तानच्या खेड्यांत मानसोपचारतज्ज्ञ अतिफ रहमान यांनी साध्या आरोग्यसेविकांना समुपदेशन शिकवलं. सहा महिन्यांनी त्यांच्याकडच्या २३ टक्के माता नैराश्यात होत्या; ज्यांना नुसत्या घरभेटी मिळाल्या, त्यांच्यात हे प्रमाण ५३ टक्के होतं. पुढे गोव्यात वस्तीतल्याच बायकांनी हे काम केलं.

माजलगावात हे दहा प्रश्न टोळी निघण्याआधी गरोदर बाईला विचारता येतील. तिची नोंद कारखान्याच्या तालुक्यातल्या आशाताईकडे गेली, तर पुढची घरभेट कोपीवर होऊ शकेल. तोवर ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक प्रत्येक टोळीतल्या बायकांच्या मोबाइलमध्ये असायला हवा.