फोटो लहान करा, पण मूळ फोटो जपा!



ऑनलाईन पाठवायच्या फोटोंविषयी चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते. गेल्या अंकातील एका चुकीने ते काम पुढे ढकलण्याची सोयच ठेवली नाही. कारखाना उभारणीच्या काळात पायाला भिंगरी लावून गावोगाव भाग गोळा करणारे आपले एक ज्येष्ठ सभासद निवर्तले. त्यांच्या नातवाने श्रद्धांजलीसाठी मोबाईलवरून फोटो पाठविला. पडद्यावर तो बरा दिसला. छापून आला तेव्हा मात्र चेहरा ओळखू येईना. घरच्यांना वाईट वाटले आणि आम्हांलाही. छापण्यापूर्वी फोटो तपासून घेणे आमचे काम होते, ते आमच्याकडून राहिले.

चौकशी केली तेव्हा कळले, की एका ऑनलाईन अर्जासाठी तो फोटो पन्नास केबीपर्यंत लहान केला होता. मोठी फाईल उगाच जागा खाते म्हणून ती पुसली. घरात उरली ती लहान फाईल तेवढी!

एकदा गाळलेल्या उसाचे पुन्हा टिपरू होत नाही, तसेच लहान केलेल्या फोटोतून गेलेला तपशील परत येत नाही. म्हणून फोटो लहान करायचा तो नेहमी त्याच्या दुसऱ्या प्रतीवर. या लेखातील एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली, तरी आमचे लिहिणे कारणी लागले असे आम्ही समजू.

फोटो एवढा मोठा का असतो?

डिजिटल फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची मांडणी. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. मोबाईलचा बारा मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे आडवे ४००० आणि उभे ३००० ठिपके, एकूण १ कोटी २० लाख. मोबाईलच्या पडद्यावर फोटो बघायला आडवे १२०० आणि उभे ९०० ठिपके भरपूर झाले. ते होतात १० लाख ८० हजार, म्हणजे मूळच्या अकराव्या हिश्शाच्या आसपास.

बाजू निम्मी केली की फोटो निम्मा होतो, असा पुष्कळांचा समज असतो. हा हिशेब आपल्याला जमिनीवरून चटकन कळेल. ६६ फूट लांब आणि ६६ फूट रुंद तुकडा चार गुंठ्यांचा. दोन्ही बाजू निम्म्या करा, ३३ बाय ३३ फुटांचा तुकडा राहील, तो एक गुंठा. फोटोचेही तसेच. बाजू निम्म्या, तर ठिपके पाव.

ठिपके कमी करणे हा झाला एक मार्ग. दुसरा मार्ग ठिपके तेवढेच ठेवून फाईल दाबून बसविण्याचा. जेपीईजी ही पद्धत १९९२ सालापासून हेच काम करते. डोळ्यांना सहसा जाणवणार नाही असा बारीक तपशील ती टाकून देते. थोडे दाबले तर काही कळत नाही. फार दाबले, की चेहऱ्यावर चौकटी दिसू लागतात आणि अक्षरांच्या कडा मळकट होतात. तीच फाईल पुन्हा पुन्हा बदलून साठविली तर दर खेपेला आणखी थोडे जाते. म्हणून प्रत करायची ती मूळ फोटोवरून, प्रतीवरून प्रत काढू नये.

मग करायचे काय?

पैसे न देता मिळणारी साधने पुष्कळ आहेत. आम्ही कार्यालयात वापरून पाहिलेली तेवढी सांगतो.

पेंट : विंडोजच्या संगणकात हे आधीपासून असते. प्रथम फोटोची दुसरी प्रत करून ती पेंटमध्ये उघडावी. ‘रिसाइझ’ बटण दाबावे, ‘पिक्सेल्स’ निवडावे आणि आडव्या बाजूसाठी १२०० लिहावे. लांबी-रुंदीचे प्रमाण कायम ठेवण्याची खूण तशीच राहू द्यावी, म्हणजे उभी बाजू आपोआप बसते. मग ‘सेव्ह ॲज’ करून जेपीईजी निवडावे आणि नवे नाव द्यावे. नुसते ‘सेव्ह’ दाबलेत, तर उघडलेल्या फाईलवरच लिहिले जाते. प्रत न करता मूळ फोटोच उघडला असेल, तर तो गेलाच म्हणून समजा!

गिम्प : हा कार्यक्रम विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर चालतो आणि सर्वांना मोफत आहे. ‘इमेज’ खाली ‘स्केल इमेज’ मध्ये ठिपके कमी करता येतात. ‘एक्स्पोर्ट ॲज’ करताना ‘क्वालिटी’ ची पट्टी येते. तिथे पूर्वदर्शनाची खूण केली, की फाईल किती केबीची होणार हे साठविण्यापूर्वीच दिसते. अर्जाच्या फोटोला ही सोय फार उपयोगी पडते.

इरफानव्ह्यू : लग्नाचे किंवा सहलीचे शंभर फोटो एकदम लहान करायचे असतील, तर विंडोजवर हे बरे. ‘बॅच कन्व्हर्जन’ मध्ये सगळे फोटो निवडून एकदाच माप सांगावे आणि लहान प्रतींसाठी वेगळा फोल्डर द्यावा. मात्र हे साधन घरगुती वापरासाठीच मोफत आहे. संस्थेने किंवा दुकानदाराने वापरायचे तर परवाना घ्यावा लागतो.

स्क्वूश : गूगलने २०१८ साली आणलेले हे साधन मोबाईलच्या ब्राउझरमध्येही चालते. डावीकडे मूळ आणि उजवीकडे नवा फोटो दाखवून ते फाईलचा आकार सांगते. फोटो दाबण्याचे काम आपल्याच फोनमध्ये होते, फोटो बाहेर कुठे जात नाही.

पोराबाळांचे अर्ज

खरी धावपळ उडते ती अर्जाच्या शेवटच्या दिवशी. रात्री अकरा वाजता फोटो चढत नाही, पोरगी रडकुंडीला येते आणि घरात जो तो ‘आता कसं करायचं?’ म्हणत बसतो. बँकांच्या भरतीसाठी आयबीपीएस गेली काही वर्षे जे माप सांगत आली आहे, त्याचे उदाहरण घेऊ. फोटो २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी, सही १४० बाय ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी. अर्थात प्रत्येक अर्जाचे माप वेगळे, तेव्हा त्या त्या वेळची सूचनाच प्रमाण मानावी.

यात दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. एक, वरची मर्यादा पाळण्याच्या नादात फोटो इतका दाबतात, की तो खालच्या मर्यादेच्याही खाली जातो. १२ केबीचा फोटोही इथे परत येतो. अशा वेळी मूळ फोटोवरून पुन्हा प्रत काढून क्वालिटी थोडी वाढवावी. दोन, चौकोनी फोटो जबरदस्तीने २०० बाय २३० मध्ये बसवितात आणि चेहरा लांबुडका होतो. आधी ‘क्रॉप’ करून, म्हणजे कडा कापून, योग्य प्रमाण आणावे आणि मगच माप कमी करावे.

आयफोनमध्ये २०१७ साली एचईआयसी नावाच्या प्रकारात फोटो साठविण्याची सोय आली. अर्जात जेपीजी मागितले असेल तर असा फोटो चढत नाही, तो आधी जेपीजी करून घ्यावा. फाईलच्या नावाचे शेपूट नुसते बदलून भागत नाही.

लहान कधी करू नये?

उसावर रोग दिसला, की सभासद पानाचा फोटो काढून गट कार्यालयाच्या कर्मचाऱ्यांना पाठवितात. सवय चांगली आहे. परंतु तांबेऱ्याचे ठिपके बारीक असतात. अख्ख्या फडाचा फोटो व्हॉट्सॲपवरून साधा पाठविला तर तो लहान होऊन पोहोचतो आणि नेमके तेच ठिपके पुसट होतात. तेव्हा पान जवळून घ्यावे आणि फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, म्हणजे फाईल आहे तशी पोहोचते. २०२३ पासून ‘एचडी’ ची सोय आहे. तीही साध्यापेक्षा बरी, पण त्यातही थोडे दाबले जातेच.

छपाईलाही मोठा फोटो लागतो. चांगल्या छपाईसाठी एका इंचात ३०० ठिपके धरतात. म्हणजे चार बाय सहा इंचांच्या फोटोला १२०० बाय १८०० ठिपके हवेत. अर्जाचा २०० ठिपक्यांचा फोटो या हिशेबाने एका इंचालाही पुरत नाही.

थोडी खबरदारी

‘फोटो लहान करून मिळेल’ म्हणणाऱ्या अनोळखी संकेतस्थळावर आधार, पासबुक किंवा सहीचा फोटो चढवू नये. फाईल त्यांच्या संगणकावर जाते आणि पुढे तिचे काय होते यावर आपला ताबा राहत नाही. अशी कागदपत्रे वर सांगितलेल्या, आपल्याच यंत्रावर चालणाऱ्या साधनांनी लहान करावीत. फोनमधील सोय सुरू असेल तर फोटोसोबत तो काढल्याचे ठिकाणही नोंदले जाते आणि डॉक्युमेंट म्हणून पाठविताना ते सोबत जाते. आपल्या शेतकी विभागाला त्याने मदतच होते, परक्या माणसाला मात्र घराचा पत्ता कशाला द्यायचा?

शेवटी एक विनंती. फोन भरला म्हणून जुने फोटो पुसण्याआधी ते संगणकावर किंवा पेनड्राईव्हवर उतरवून घ्यावेत. एका फोल्डरला ‘मूळ’ नाव द्यावे, दुसऱ्याला ‘लहान’. घरातल्या कॉलेजच्या पोरांकडे हे काम सोपवावे, अर्ध्या दिवसात होईल.

सुरुवातीला सांगितलेल्या आपल्या ज्येष्ठ सभासदांचा कागदावरील जुना फोटो त्यांच्या घरी भिंतीवर आहे. त्यांच्या नातवाने तो काचेतून बाहेर काढून उजेडात नव्याने टिपला आणि या वेळी मोठी फाईल जशीच्या तशी पाठविली. तो फोटो आम्ही पुढील अंकात पुन्हा छापणार आहोत.

— संपादक मंडळ