एक रुपया स्वस्त गाडी

महिन्यातून आठ-दहा वेळा कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर नाहीतर मुंबई विमानतळ गाठावे लागते, अशी माणसे पुण्याच्या कुठल्याही बऱ्या कंपनीत असतात. त्यांच्यासाठी गाड्यांचा करार करताना तीन कोटेशने मागवायची, किलोमीटरचा दर बघायचा आणि सर्वांत कमी आकड्यावर सही करायची, अशी सर्रास पद्धत आहे. पण दर हा या व्यवहारातला सर्वांत फसवा आकडा. समजा, एकाचा दर 13 रुपये आणि रोजचे किमान 300 किलोमीटर; दुसऱ्याचा 14 रुपये, पण किमान 250. पुणे-कोल्हापूर जाऊन-येऊन साधारण 460 किलोमीटर. एक मुक्काम झाला की दोन दिवस धरले जातात. पहिल्याचे 600 किलोमीटरचे 7800 रुपये होतात, दुसऱ्याचे 500 चे 7000. म्हणजे रुपयाने स्वस्त गाडी एका फेरीत 800 रुपयांनी महाग पडली. त्यात हिशेब ‘गॅरेज टू गॅरेज’ असेल, तर गाडी तुमच्या दारात येईपर्यंतचे अंतरही तुमच्याच नावावर. शहरातल्या ‘8 तास, 80 किलोमीटर’च्या पॅकेजचेही तेच. पुण्यातून रांजणगाव एमआयडीसी पन्नासेक किलोमीटर, त्यामुळे परतीच्या वाटेवर 80 ओलांडलेच. आणि वाघोलीच्या कोंडीत मीटर थांबला तरी घड्याळ चालूच असते. म्हणून गेल्या तीन महिन्यांच्या आपल्या खऱ्या फेऱ्या प्रत्येक पुरवठादाराच्या अटींवर मांडून एकूण बिल किती झाले असते ते काढावे. तासाभराचे काम आहे, तरी ते फारसे कोणी करत नाही.

पैशांचा हिशेब असा कागदावर तरी सुटतो. वारंवार प्रवास करणाऱ्याने खरी चौकशी करायची ती ड्रायव्हर किती तास झोपला आहे याची. विमानतळाच्या ड्युट्या रात्रीच्या असतात. पहाटेच्या विमानासाठी पुण्याहून अकराला निघालेला ड्रायव्हर सकाळी परत येतो आणि गाडी रिकामी उभी राहू नये म्हणून नऊची दुसरी ड्युटी त्याच्याच गळ्यात पडते. नवी गाडी, पांढरा गणवेश, थंड पाण्याची बाटली हे सगळे जागच्या जागी असते. चाकामागचा माणूस मात्र रात्रभर जागलेला. जून 2025 मध्ये 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग संपूर्ण खुला झाला. मोटारींसाठी ताशी 120 ची वेगमर्यादा असलेल्या अशा सरळसोट रस्त्यावर डोळा लागण्याची किंमत काय, हे वेगळे सांगायला नको. ‘ड्रायव्हरची झोप आम्ही कशी मोजणार?’ असा प्रश्न इथे हमखास येतो. पण मोजायचे साधन रोज सहीसाठी हातात येते, ते म्हणजे ड्युटी स्लिप. तिच्यावर गाडी गॅरेजमधून निघाल्याची आणि परतल्याची वेळ असते, सुरुवातीचे व शेवटचे किलोमीटर असतात. त्याच ड्रायव्हरची आधीची ड्युटी कधी संपली, हा एक रकाना त्यात वाढवून घ्या. दोन ड्युट्यांमध्ये किमान दहा तासांची विश्रांती आणि रात्री अकरानंतर परतीऐवजी मुक्काम, या दोन अटी करारात लिहून घ्या. भत्त्याचे काहीशे रुपये वाढतील, वाढू द्यावेत.

‘मोठे नाव घेतले की ही कटकट उरत नाही,’ असेही म्हटले जाते. त्यात तथ्य आहे: चोवीस तास फोन उचलणारा माणूस, सगळ्या शहरांसाठी एकच बिल, बदली गाडीची सोय. पण मोठ्या नावाच्या किती गाड्या स्वतःच्या आणि किती ‘अटॅच’ केलेल्या, हे विचारावे. लग्नसराईत तर पाटी एकाची आणि गाडी बाजारातून उचललेली, असेही होते. कधी पांढऱ्या नंबर प्लेटची खासगी गाडीही पाठवली जाते. तिच्यात बसू नये. खासगी गाडीचा विमा भाड्याच्या वापराला लागू होत नाही. शिवाय मोठेपणा म्हणजे शाश्वती नव्हे. दिल्ली आणि बंगळुरूत विमानतळाच्या फेऱ्यांसाठी नावाजलेल्या ब्लूस्मार्टची सेवा एप्रिल 2025 मध्ये बंद पडली. तिच्या बऱ्याच गाड्या जेनसोल कंपनीकडून भाडेपट्ट्याने घेतलेल्या होत्या आणि त्या कंपनीवर सेबीचा आदेश आला होता. सगळी भिस्त एकावर ठेवलेल्यांना पर्याय रातोरात शोधावा लागला. दोन पुरवठादार हवेतच, आणि दुसऱ्याला अधूनमधून कामही द्यायला हवे. नाहीतर अडचणीच्या दिवशी तो तुम्हाला ओळखणार नाही.

मग ओळखीचा गाडीवालाच काय वाईट? वाईट नाहीच, बऱ्याचदा तोच उत्तम असतो: रस्ते माहीत, साहेबांच्या सवयी माहीत, वेळेचा पक्का. मात्र तो आजारी पडला तर बदली कोण, हे त्यालाच आधी विचारून ठेवावे. जीएसटीचाही पेच आहे. चालकासह, इंधन धरून भाड्याने घेतलेल्या गाडीवर 5 टक्के कर लागतो, किंवा पुरवठादाराने इनपुट क्रेडिटचा पर्याय घेतला असेल तर 18 टक्के. 22 सप्टेंबर 2025 पूर्वी हा दुसरा दर 12 होता. लहान मोटारीच्या भाड्यावरील कराचे क्रेडिट बहुतेक कंपन्यांना मिळतच नाही. म्हणजे 18 टक्केवाल्याचे बिल त्याच दराला मूळ भाड्याच्या 13 टक्क्यांनी जड, आणि तो फरक परत येत नाही. उलट 5 टक्केवाला गाडीवाला स्वतः कंपनी नसेल आणि तुम्ही प्रायव्हेट लिमिटेड असाल, तर तो कर रिव्हर्स चार्जने तुम्हीच भरायचा असतो. एकट्यादुकट्या विमानतळ फेरीला ॲपची टॅक्सी पुरते, हे मान्य. पण चार कारखाने फिरून रात्री परतायचे असेल, तर थांबून राहणारी गाडीच लागते.

एक अट मात्र तुम्हालाही लागू होते. बिले तीन-तीन महिने अडकवायची आणि वर ताजातवाना ड्रायव्हर मागायचा, हे जमत नाही. डिझेल आणि भत्ता त्याच पैशांतून निघतो. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर 2006 च्या कायद्यानुसार करारात काहीही लिहिले तरी 45 दिवसांच्या आत त्याचे पैसे द्यावे लागतात, आणि उशीर झाला तर चक्रवाढ व्याजासह.